रथसप्तमी कधी आहे, ते आधी बघ

पुणे,
२० जुलै २०२६

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा हलव्याचा बाजूबंदही. हलवा जरा चिकटला होता, पण तो तुझा दोष नव्हे. आषाढात साखर पाणी धरणारच. मी बघत होते दोऱ्याकडे. बाजूबंद उलटा करून चष्म्याजवळ धरला. मागच्या बाजूला एक सुटी गाठ नाही, डिंकाचा ओघळ नाही, कुठे दोरा ताणलेला नाही. आजीजवळ बसून वाती वळायचीस, मग रुखवतासाठी लोकरीची कामं, मग ती कागदाच्या पट्ट्यांची फुलं. घरात एक रिकामा डबा म्हणून तू शिल्लक ठेवला नाहीस. तेव्हा हात कसा आहे हे मला विचारू नकोस. तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी, घाईघाईत लिहिलेला आहे: हलव्याच्या दागिन्यांचा धंदा होईल का?

होईल. पण आधी कालनिर्णय घेऊन बस.

संक्रांत सूर्याची, म्हणून ती १४ नाहीतर १५ जानेवारीला येते, हलत नाही. रथसप्तमी तिथीची, ती मात्र पुढेमागे होते. आपलं गिऱ्हाईक असतं ते या दोन दिवसांच्या मधलं. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे मिळाले. यंदा ती २५ जानेवारीलाच आली आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. नुकताच अधिक ज्येष्ठ होऊन गेला, त्यामुळे २०२७ ची रथसप्तमी १३ फेब्रुवारीपर्यंत लांबली आहे. जवळजवळ महिना! सुरुवात करायला याहून चांगलं वर्ष नाही. पण त्याच्या जोरावर पुढची गणितं मांडू नकोस, कारण नंतर ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि २०२९ ला संक्रांतीनंतर जेमतेम आठवडा उरतो. नव्याने या कामात आलेल्या कितीतरी मुली एका लांब हंगामावर खूश होऊन पुढच्या वर्षी दुप्पट माल करून ठेवतात आणि मग तो डब्यात पिवळा पडतो. त्यांना वाटतं, लोकांची आवड गेली. आवड कुठे जाते! दिवसच कमी होते.

आता त्यात आणखी एक मेख आहे. सुनेचा पहिला संक्रांतसण बहुतेक घरांत संक्रांतीच्या दिवशी नाहीतर लगेचच्या सुट्टीला उरकतात. बोरन्हाण मात्र रथसप्तमीपर्यंत कधीही. म्हणून लांब वर्षात बाळांचे संच जास्त खपतात आणि आखूड वर्षात तुझी सगळी मदार सुनांवर. येत्या हंगामासाठी तू मुकुट, बासरी, कंबरपट्टा, छोटे बाजूबंद यांच्या मागे लाग. तन्मणी आणि चिंचपेटी थोड्याच कर.

बाळाच्या संचाबद्दल माझा हट्ट तुला माहीत आहे, तरी लिहिते. बोरं, चुरमुरे, हरभरे डोक्यावरून पडत असतात तेव्हा मूल पहिलं काम काय करतं? गळ्यातला हार तोंडात घालतं. त्यात डिंक नको, तार नको, चमकी नको, सुटून घशात जाईल असा सोनेरी मणी तर मुळीच नको. सगळं दोऱ्यात. दाण्याला भोक पाडायला गेलीस तर तो फुटतो, म्हणून दोऱ्याचा फास काट्यांच्या खाचेत बसवून आवळायचा, दुसरा वेढा पहिल्याच्या आडवा घ्यायचा, आणि मगच पुढचा दाणा. हे तुला येतं, बाजूबंदात दिसलं मला. गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवलेला संच याच्या निम्म्या वेळात होतो आणि फोटोत तसूभरही वेगळा दिसत नाही. सुनेच्या कंबरपट्ट्याला गोंद खुशाल वापर. इतकं वजन नुसता दोरा धरतही नाही. पूर्वी सण झाला की दागिने मोडून हलवा वाटून खायचे, ते आता या गोंदामुळे गेलंच आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण माझ्या वाईट वाटण्यावर तुझा हिशेब बसणार नाही. बाळाच्या बाबतीत मात्र तडजोड नको.

हलवा घरी करायचा का, असं विचारलंयस. खायला कर, दागिन्यांना विकतचा घे. परातीत खसखस नाहीतर तीळ, खाली मंद आच, चमच्या-चमच्याने पाक, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. काटा यायला काही दिवस जातात, कोरडी थंडी लागते, आणि एवढं करून दाणे एकसारखे येतीलच असं नाही. नथीला लागतात तसे बारीक, सारखे दाणे घाऊक बाजारात चाळून मिळतात. दिवाळी झाली की घे, त्याआधी नको. घरी आणलास की पहिली गोष्ट, डब्याखाली पाण्याची ताटली. मुंग्यांना संक्रांत लागत नाही.

मग आत्ता, या पावसात काय करायचं? हलवा सोडून बाकी सगळं. पुठ्ठे कापून त्यावर काळं कापड चढवून ठेव. मुकुटांचे सांगाडे, गोफ, बंद, नथीचे चाप, डबे, आतला कागद, नावाच्या चिठ्ठ्या, सगळं तयार हवं. डिसेंबरात तुझ्या हाताला फक्त हलवा लागला पाहिजे. हे मी नीटनेटकेपणासाठी सांगत नाही, किमतीसाठी सांगते.

तू संचाची किंमत लिहिली आहेस सहाशे रुपये. साहित्य अडीचशेचं, आणि तूच लिहितेस की दोन दिवस त्यात गेले. समजा बारा तास धरले. तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई तासाचे किती घेतात, ते विचार. शंभर धरलेस तरी बाराशे झाले, त्यात साहित्य, फुटतूट, डबा, रिक्षा. दीड हजाराच्या खाली हा संच विकलास की वरचे पैसे तू गिऱ्हाइकाला आहेर म्हणून देतेस. "मला आवडतं म्हणून करते, वेळ कसला मोजायचा," हे तुझं वाक्य वाचून मला जरा रागच आला. विणकाम करून भाचरांना वाटत होतीस तोवर ठीक होतं. आता मोजायचा. आणि दीड हजार जास्त वाटत असतील तर पावसाळ्यातली तयारी वाढवून एका कामाचे दहा सांगाडे एका बैठकीत कर, म्हणजे बाराचे आठ तास होतील. किंमत तिथून उतरव, स्वतःच्या मजुरीतून नको.

गिऱ्हाईक कसं असतं, तेही ऐकून ठेव. पैसे देते सासू, घालते सून, आणि अलीकडे पसंती ठरवतो फोटो काढणारा. तिघांचं तीन दिशांना. सासूला भरगच्च हवं, सुनेला नाजूक, आणि त्याला काळ्या चंद्रकळेवर उठून दिसेल असं काहीतरी मोठं. मी एकीशीच बोलते: जिचं माप आहे तिच्याशी. गळ्याचा घेर, दंडाचा घेर, मनगट, कंबर साडीवरून, आणि नाक टोचलेलं आहे की चापाची नथ हवी, एवढं लिहून घ्यायचं, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि त्यानंतर नमुना बदलायचा नाही. जावयासाठी हार आणि नारळ पुरे होतो. हलव्याचं घड्याळ, हलव्याचा मोबाइल, हे मागणारे भेटतील. कर बापडी, पण जादा पैसे लाव. परदेशी धाडायच्या संचांची मागणी दिवाळीतच घे. डिसेंबरात कुणी ना कुणी जाणारं असतं, पण त्यांच्या बॅगेतली जागा आधी पापड-लाडू अडवतात.

काही जणी संच भाड्याने देतात. मी देत नाही. एकाच्या घामाने ओलसर झालेला हलवा दुसऱ्याच्या गळ्यात, आणि बाळाचा तर चोखलेलाच. नको.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नकोस. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट असते, तेवढी करून टाक; त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. मालाची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. चाळीस लाखांचा हलवा ओवलास तर मीच तुझ्याकडे कामाला येईन. बाहेरच्या राज्यात पाठवू लागलीस की मात्र आधी सीएला विचार. मुद्राचं कर्ज मिळतं म्हणून घ्यायचं नाही. हप्ता बारा महिने असतो आणि आपली कमाई एका महिन्याची.

तेच तर तुला शेवटी सांगायचं होतं. बँकेतली नोकरी सोडण्याचं जे लिहिलंयस, ते सध्या बाजूला ठेव. निदान २०२९ चा तो आखूड हंगाम जाऊ दे. त्यात संच संपले, पैसे वसूल झाले आणि तुझी झोप शाबूत राहिली, तर पुन्हा बोलू. दरम्यान उरलेल्या अकरा महिन्यांत या हाताला काय करता येईल ते बघ. डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने आहेत, तेही दोऱ्याचंच काम आहे, आणि त्यांना तिथीची वाट बघावी लागत नाही.

दसऱ्यापर्यंत बाळाच्या मुकुटाचे तीन मापांचे सांगाडे मला पाठव, सहा महिने, एक वर्ष आणि तीन वर्षांच्या डोक्याचे. प्रत्येकावर किती वेळ गेला ते चिठ्ठीवर लिही, अंदाजाने नको, घड्याळ लावून. आणि तुझ्या आईला सांग, तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना तिने फुकट कबूल केलेले चार संच मी हिशेबात धरलेले आहेत. दीड हजाराने. ते तिने द्यायचे की मैत्रिणींनी, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुझी,
माईमावशी