नेट चालत नाही

हेल्पडेस्कवर नव्याने रुजू झालेल्या मुलीला बहुतेक फोनवर एकच तक्रार ऐकू येते: "नेट चालत नाही."

घाईत राउटर बंद-चालू करायला न सांगता ती आधी आयपी पत्ता विचारते. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही. विंडोजने तो स्वतःच घेतलाय. मग केबल, स्विच, वायफाय तपासायचं. पत्ता ठीक आहे, ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंगही जातो, पण संकेतस्थळ उघडत नाही? मग संशय डीएनएसवर. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली ही व्यवस्था नावावरून आकडी पत्ता शोधून देते.

असं कारणापर्यंत पोचणं किती सुंदर असतं!

शिकणाऱ्यांनो, आजच कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' चालवून आपल्या संगणकाचा पत्ता पाहा.