जुनी गाडी घेताना

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने पहिल्या नोकरीतील शिलकीतून जुनी फियाट घेऊन ती स्वतः दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. त्याच्या दिवंगत वडिलांकडे तशीच गाडी होती. त्यांच्या आजारपणात ती विकावी लागली. आई मात्र चिंतेत पडली. "फादर, त्याला समजवा. घराला गिलावा हवा आहे आणि हा लोखंडात पैसे घालतो आहे," असे ती मला म्हणाली. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटले. म्हणून त्याला अडवण्याऐवजी मी त्याच्याबरोबर गाड्या पाहावयास गेलो.

वाचकहो, या गाडीची ओळख आपल्यापैकी अनेकांना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती तयार होई. प्रथम ती 'फियाट ११००' होती. १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ती घरोघरी पोहोचली. १०८९ सीसीचे साधे इंजिन, स्टीअरिंगलगतचा गिअरचा दांडा आणि संगणकाचा कोठेही संबंध नाही. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. मोठ्या संख्येने निघाल्यामुळे तिचे सुटे भाग शोधल्यास अजून मिळतात. मात्र ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत तिची टॅक्सी म्हणून सेवाही संपली. तिची नाडी ओळखणारे हात आता म्हातारे होत आहेत.

असेच एक वृद्ध मिस्त्री आमच्यासोबत आले. सदरमधील पहिली गाडी नव्या रंगाने चकाकत होती आणि मुलाचे मन तिथेच गुंतले. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेला लावले. ते चिकटेना, रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी होती. पायाखालची चटई उचलली, तर तळ चाळणीसारखा झालेला. या गाडीला वेगळी चॅसी नसते. तळ आणि दारांखालचे पत्रे हेच तिचा भार पेलतात. शिवाय गाडीचे कागद एका मृत व्यक्तीच्या नावावर होते.

दुसरी गाडी कामठी रस्त्यावरील एका छपराखाली होती. टायर बसलेले, उंदरांनी गादी कुरतडलेली, इंजिन फिरत नव्हते. नागपूरच्या उन्हाने रबर तडकले होते. परंतु येथे समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे पत्रा शाबूत होता. इंजिन व चॅसीचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळले. "इंजिन आज नाही तं उद्या सुधारते जी, पण सडलेला पत्रा कोठून आणता?" मिस्त्री म्हणाले.

आणखी एक विचार आवश्यक होता. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. परंतु ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्याला तर आईला रविवारी मिस्साला न्यायचे होते. छपराखालची गाडी १९८० नंतरची होती. तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरणच लागू होते. गाडी कशासाठी हवी, हे ठरल्यावर कोणती घ्यावी, हे आपोआप ठरले.

मी त्याला दोनच अटी घातल्या. जेवढी किंमत, निदान तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवावी. आणि गिलावा आधी व्हावा. गाडीची खरेदी चार महिने लांबली. तेवढा काळ त्याने हट्ट आवरला, हे पाहून आईचा विरोध मावळला. आता खर्चाची वही तिच्याकडे आहे. एखादा वायसर आणला, तरी ती किंमत विचारून लिहून घेते. परवा एक पान उलटताना ती थांबली. "यांच्या गाडीलाही हेच लागायचे," एवढेच बोलली.

इंजिन अद्याप सुरू झालेले नाही. मिस्त्रींनी प्रथम ब्रेकचे काम हाती घेतले आहे. मुलगा उतावीळ होतो, तेव्हा ते हसून सांगतात, "आधी थांबता आले पाहिजे जी, मग चालायचे."