मूठभर गवत

पशुपक्षी पाळण्याचा छंद मला कधीच नव्हता. सेमिनरीच्या आवारात गायी होत्या, कुत्री होती; पण त्यांची काळजी वाहणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यामुळे २०२० सालच्या मार्च महिन्यात, ऐन पन्नाशीत, दोन गिनीपिग माझ्या पदरात पडले तेव्हा ते काय खातात इथपासून माझी शाळा सुरू झाली.

त्यांची धनीण आमच्या धर्मग्रामातील नऊ वर्षांची एक मुलगी. आई मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका. टाळेबंदी लागताच तिच्या राहण्याची सोय तिकडेच झाली आणि मुलगी आजीकडे आली. आजीला दमा, गवताच्या धुळीने तिला धाप लागे. ‘दोनच आठवडे, फादर,’ असे म्हणून मुलीने पिंजरा माझ्या ओट्यावर ठेवला. एकाचे नाव तीळ, दुसऱ्याचे गूळ. सोबत गोळीखाद्याची अर्धी पिशवी. त्या दोन आठवड्यांचे पुढे आठ महिने झाले.

एप्रिलच्या आरंभीच पिशवी संपली. दुकाने बंद होती. ओळखीपाळखीने एकाच्या घरून दोन किलो सुटे खाद्य मिळाले. ते उघड्या पोत्यातले होते. केव्हा तयार झाले याचा कुठे उल्लेख नव्हता. आवारातील गवत उन्हाने करपले होते, म्हणून जोडीला भाताचा पेंढा घातला. ताट भरलेले दिसत होते. मी निश्चिंत झालो.

त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर रिकाम्या चर्चमध्ये साजरा झाला. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तीळ कोपऱ्यात बसून राहू लागला. चालताना पाय ओढी. हात लावताच कळवळे. मुलगी फोनवर विचारी, ‘फादर, दोघे कसे आहेत?’ मी सांगे, ‘मजेत!’ अनेकांना सत्याचे महत्त्व पटवून देणाऱ्या माझ्या तोंडून हा शब्द सहज निघून गेला, याची आजही खंत वाटते.

अखेर एका पशुवैद्यांना फोन लावला. लक्षणे ऐकताच त्यांनी निदान केले. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. गाय, ससा, उंदीर यांना ते साधते, याला नाही. दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम त्याला अन्नातूनच मिळावे लागते. आजारपणात त्याहून अधिक. चांगल्या गोळीखाद्यात ते घातलेले असते, पण हवा, उष्णता आणि ओल लागली की ते नष्ट होते. शिवाय या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणजे ताजे नि वाळलेले गवत हेच त्याचे खरे जेवण. गोळ्या केवळ तोंडी लावण्यापुरत्या. पुढे वाचनात आले की १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या दोन संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही जडला. त्यांनी प्रयोगशाळेत जाणूनबुजून केले ते मी ओट्यावर अज्ञानाने केले होते.

आता हिरवे आणायचे कोठून? आणि मागायचे कोणत्या तोंडाने? फाटकाशी तांदूळ-डाळीच्या पिशव्यांसाठी माणसे रांगेत उभी होती. हातावर पोट असलेले मजूर गाठोडी घेऊन पायी गावाकडे निघाले होते. अशा वेळी दोन प्राण्यांसाठी शब्द टाकण्याची मला लाज वाटली. स्वयंपाक करणाऱ्या काकींना मी तसे बोललोही. त्या विळी धूत होत्या. म्हणाल्या, ‘फादर, गवत काही कुणाच्या ताटातलं नाही.’

त्यांनीच चार घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या गजाला जुड्या लटकू लागल्या. कोणी बावखळाच्या काठची हरळी आणली, कोणी वाडीतली कोथिंबीर, कोणी ढोबळी मिरची. औषध न फवारलेल्या वाफ्यातलेच आणा, एवढी अट मी घातली होती. ती सर्वांनी पाळली. मिस्साला येता न येणारी माणसे मूठभर गवताच्या निमित्ताने फाटकाशी येत, दुरूनच तिळाची खुशाली विचारीत आणि मग हळूच स्वतःचे दुःख सांगत. कोणाची नोकरी गेली होती, कोणाचा मुलगा आखातात अडकला होता. एरवी ते माझ्यापर्यंत पोहोचले असते की नाही, कोण जाणे!

दोन आठवड्यांत तीळ चालू लागला. पावसाळ्यात पेरू आले आणि प्रश्नच मिटला; पेरूत क जीवनसत्त्व भरपूर. गंमत अशी की या प्राण्याचे मूळ घर म्हणजे पेरू देशासह अँडीज पर्वताचा प्रदेश. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, तेही मांसासाठी. कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या अठराव्या शतकातील चित्रकाराचे शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात प्रभूपुढच्या थाळीत हाच प्राणी वाढलेला आहे, असे मानले जाते. तिथल्या घरांत तो पिढ्यान्पिढ्या हिरव्या चाऱ्यावर आणि भाजीच्या सालींवर वाढला. पिशवीतले खाद्य ही अलीकडची सोय. मी मात्र तिलाच आधार समजून बसलो होतो.

१६ नोव्हेंबरला महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. त्याच आठवड्यात मुलगी आईसोबत पिंजरा न्यायला आली. मी तिला आजाराची हकीकत सांगितली. फोनवर खोटे बोललो हेही सांगितले. ती थोडा वेळ तिळाच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर मला विचारायचं ना, फादर! मी त्यांना रोज पेरू द्यायची.’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. सल्ला विचारायला लोक धर्मगुरूकडे येतात. धर्मगुरूनेही कधी नऊ वर्षांच्या मुलीला विचारावे, हे सेमिनरीच्या इतक्या वर्षांत मी शिकलो नव्हतो.