‘हू’ कोण आणि ‘व्हिच’ कोण?

व्याकरण म्हटलें कीं मुलांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची उदासीनता पसरते, हा शिक्षकमात्राचा अनुभव आहे. त्यांतहि संबंधी सर्वनामांचा धडा मुलांस विशेष जाचक वाटतो. कारण मराठींत ज्या जागीं ‘जो’ हें एकच सर्वनाम पुरतें, त्या जागीं इंग्रजींत ‘हू’, ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ असे तीन उमेदवार दारांत उभे असतात. यांतून एकाची निवड करणें ही परीक्षेपुरती कसरत आहे, अशी पुष्कळ मुलांची व कांहीं पालकांचीहि समजूत आहे. आमचें मत निराळें आहे, व तें येथें थोडक्यांत मांडावें असें मनांत आहे.

प्रत्येक भाषा आपल्या सर्वनामांस दारांत एक प्रश्न विचारते. मराठीचा प्रश्न लिंग व वचन यांचा आहे. जो मुलगा, जी मुलगी, जें मूल. त्याचप्रमाणें जो दगड, जी नदी, जें झाड. समोर माणूस आहे कीं धोंडा आहे, याची ‘जो’ विचारपूस करीत नाहीं. इंग्रजीचें याच्या उलट आहे. मुलगा असो वा मुलगी असो, एक असो वा शंभर असोत, ‘हू’ बदलत नाहीं. परंतु पुढें उभा आहे तो माणूस कीं वस्तु, हें मात्र ती भाषा विचारल्यावांचून राहत नाहीं. माणूस असेल तर ‘हू’. वस्तु किंवा जनावर असेल तर ‘व्हिच’. आणि ‘दॅट’ दोहोंकडे चालतो.

आमच्या मुलांची अडचण आणखी एका ठिकाणीं होते. मराठींत ‘जो’ आधीं येतो व ‘तो’ त्याची वाट पाहत पुढें उभा असतो. ‘जें पुस्तक मीं काल घेतलें तें हरवलें’ असें आपण म्हणतों, किंवा ‘काल घेतलेलें पुस्तक हरवलें’ असें म्हणून सर्वनामाचें ओझेंच टाकून देतों. इंग्रजींत नाम आधीं येतें व सर्वनाम त्याच्या लगत बसतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंतील धडे ज्यांनीं घरीं बसून गिरविले, त्या जुन्या पालकांस ही उलथापालथ आठवत असेल. ‘हू’ कीं ‘हूम’ हा संशय पडला, तर त्या जागीं ‘तो’ बसतो कीं ‘त्याला’ बसतो हें पाहावें. ‘तो’ बसला तर ‘हू’, ‘त्याला’ बसला तर ‘हूम’. मध्येंच ‘आम्हांस वाटतें’ असे शब्द आले असतील तर ते क्षणभर झांकून पाहावें, म्हणजे फसगत होत नाहीं.

स्वल्पविरामाचेंहि असेंच आहे. ‘माझा भाऊ’ या शब्दांपुढें स्वल्पविराम न देतां ‘हू’ लिहून ‘पुण्यास राहतो’ असें म्हटलें, तर अनेक भावांपैकीं पुण्याचा भाऊ असा अर्थ निघतो. स्वल्पविराम दिला तर भाऊ एकच, आणि तो पुण्यास असतो, एवढीच जादा माहिती मिळते. एका टिंबाच्या शेपटीनें घरांतील भावांची संख्या बदलते! फाउलर यांनीं 1926 सालीं आपल्या प्रसिद्ध कोशांत अशी सूचना केली कीं, पहिल्या प्रकारच्या वाक्यांत ‘दॅट’ व दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत ‘व्हिच’ ठेवावा. मात्र बहुतेक लेखक तसें करीत नाहींत, हें त्यांनींच मोकळेपणानें मान्य केलें. इंग्रज लोकांतहि हा वाद जुना आहे. 1711 सालीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांत स्टील यांनीं ‘हू’ व ‘व्हिच’ यांच्या नांवें एक विनोदी अर्ज छापला. ‘दॅट’ नामक आडदांडानें आमच्या जागा बळकाविल्या, अशी त्यांत त्या दोघांची तक्रार होती. इतिहास पाहतां ‘दॅट’च वडील ठरतो, कारण अतिप्राचीन इंग्रजींत ‘हू’ केवळ प्रश्न विचारण्याच्या कामीं येत असे.

येथवर व्याकरण झालें. आतां कांहीं वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. नवव्या इयत्तेंतील मुलांस आम्हीं ‘आमची शाळा’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास दिला होता. एका हुशार मुलानें लिहिलें कीं, आमच्या शाळेंत एक म्हातारी बाई आहे, ‘व्हिच’ पाणी भरते. आणि दोनच ओळींखालीं लिहिलें कीं, रखवालदारापाशीं एक कुत्रा आहे, ‘हू’ आम्हां सर्वांस ओळखतो. कुत्र्यास ‘हू’ आणि बाईस ‘व्हिच’! आम्हीं त्यास उभें करून कारण विचारलें. मुलगा धीट होता. तो म्हणाला, “सर, उपासनेच्या वेळीं जो इंग्रजी पवित्र शास्त्राचा ग्रंथ आपण वाचतां, त्यांतील प्रभूच्या प्रार्थनेंत प्रत्यक्ष देवबापासहि ‘व्हिच’च म्हटलें आहे. देवास जें चालतें, तें बाईस कां चालूं नये?”

वर्ग हसला. आम्ही हसलों नाहीं, कारण मुलाचें म्हणणें खरें होतें. 1611 सालच्या भाषांतरांत त्या जागीं ‘व्हिच’च आहे. त्या काळीं तो शब्द माणसांसहि लावीत असत व त्यांत कोणाचा उपमर्द होत नसे. 1881 सालीं इंग्लंडांत नव्या कराराचें भाषांतर सुधारलें, तेव्हांहि तो शब्द तसाच राहिला. 1901 सालच्या अमेरिकन आवृत्तींत मात्र तेथें ‘हू’ आला. आमच्या मराठी प्रार्थनेंत तर हा प्रश्नच उठत नाहीं. ‘स्वर्गातील’ या एका शब्दानें सारें काम भागतें. हें सर्व सांगून आम्ही म्हणालों, “बाळ, शब्दाचा अर्थ काळ ठरवितो. त्या भाषांतरकारांनीं ‘व्हिच’ लिहून देवास खालीं आणलें नाहीं. पण आज आपण माणसापुढें ‘व्हिच’ लिहितों, तेव्हां त्यास घागरीच्या आणि केरसुणीच्या रांगेंत बसवितों.”

कुत्र्याचा ‘हू’ मात्र आम्हीं खोडला नाहीं. ज्या मुक्या प्राण्यास नांव ठेवलेलें असतें, जो घरचा झालेला असतो, त्यास इंग्रज लोकहि प्रेमानें ‘हू’ म्हणतात. आम्हीं वर्गास कुत्र्याचें नांव विचारलें. सर्वांनीं एका सुरांत सांगितलें. मग पाणी भरणाऱ्या बाईचें नांव विचारलें. कोणी बोलेना. मुलाची चूक व्याकरणाची होती खरी, पण तिचें मूळ व्याकरणांत नव्हतें. आम्हीं तें नांव सांगितलें नाहीं व तांबड्या शाईनें शब्दहि बदलला नाहीं. वही तशीच परत दिली.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा मधल्या सुटींत विहिरीपाशीं उभा असलेला दिसला. तिचें नांव, तिचें गांव, आणि तिचा नातू आमच्याच शाळेंत पांचवींत शिकतो, एवढें तो विचारून आला होता. निवडक निबंध आम्ही फलकावर लावतों, हें त्यास ठाऊक होतें. “सर, त्या नातवानें वाचलें असतें,” एवढेंच तो हळूच म्हणाला, आणि वहींतील शब्द त्यानें स्वतःच बदलला. पुढें तो त्या बाईंस ‘मावशी’ म्हणूं लागला.

पालकहो, मराठीचा ‘जो’ आपणांस हा प्रश्न विचारीत नाहीं, म्हणून आपली सुटका झाली असें नाहीं. आपल्या भाषेनें तो प्रश्न दुसऱ्या दारांत ठेवला आहे. ‘म्हातारी आली’ म्हणावें कीं ‘बाई आल्या’ म्हणावें, गड्यास ‘अरे’ म्हणावें कीं ‘अहो’ म्हणावें, याची निवड आपण दिवसांतून दहा वेळां करतों, आणि मुलें ती कान देऊन ऐकत असतात. शाळेंत आम्ही ‘हू’ शिकवावा आणि घरीं त्यांनीं ‘व्हिच’ ऐकावा, असें झालें तर आमचा धडा वायां जातो.

विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें: परीक्षेंत संबंधी सर्वनाम लिहितांना नामाकडे एकदां नीट वळून पाहा. तें कोण आहे, एक आहे कीं अनेक, वाक्यांत करणारें आहे कीं सोसणारें आहे, हें पाहून मग लेखणी टेका. गुण मिळतीलच. आणि ही वळून पाहण्याची संवय परीक्षेनंतरहि राहिली, तर या धड्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.