दुरून साजरे

दुरून डोंगर साजरे ही म्हण चौक गावात बसून म्हणणं सोपं आहे. प्रबळगड समोर, त्याच्या शेजारी सुळक्यात नेढं असलेला इर्शाळ, आणि पावसाळ्यात दोघेही हिरवेगार.

सध्या ही म्हण मी नोकिया 1100 ला लावून बघतोय. रबरी कीपॅड, डोक्यावर टॉर्च आणि तो सापाचा खेळ. फोन आला 2003 साली. त्याच वर्षी ‘तेरे नाम’ आला आणि नाक्यावरची पोरं मधोमध भांग पाडून, कपाळावर झुलपं सोडून हिंडू लागली. न्हाव्याला सिनेमाचं नाव सांगितलं की काम व्हायचं. ते फोटो आता कुणी दाखवत नाही. पण तेव्हाच्या ढगळ जीन्स भाच्यांच्या अंगावर परत आल्यात, त्यामुळे झुलपंही येतील अशी मला धास्ती आहे.

खरी जिव्हाळ्याची गोष्ट मात्र मिस्ड कॉल. पनवेलहून एसटी सुटली की एक रिंग, चौक फाट्याला उतरलं की दोन. ‘उचलू नकोस हं,’ असं आईला बजावून ठेवलेलं. ती हटकून उचलायची, आणि वर ‘जेवलास का?’ विचारायची. बॅलन्स गेला म्हणून मी फणफणायचो. एप्रिल 2003 पर्यंत तर आलेल्या फोनलाही पैसे पडत. आज हे सगळं फार गोड वाटतं. गोड काय होतं त्यात? खिशात पैसे नव्हते, एवढंच.

तर, डोंगर. ही म्हण ज्याने केली तो पायथ्याशी राहत असणार. वर राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. इर्शाळच्या अंगावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. गाडीरस्ता नव्हता, पायवाटेनं चढायचं. ट्रेकवाले तिथे तांब्याभर पाणी पीत आणि किती निवांत आहे म्हणत पुढे जात. आजारी माणूस त्याच वाटेनं खाली आणावा लागे, त्यात निवांत काही नव्हतं. 19 जुलै 2023 च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती आले. 57 जण सापडलेच नाहीत, आणि शोध थांबवला.

तेव्हा बातम्यांत एक गोष्ट आली होती. वाडीतली काही पोरं रात्री शाळेत मोबाइलवर गेम खेळत जागी होती, म्हणून ती वाचली आणि त्यांनी इतरांना उठवलं. आमच्या सापाला आम्ही निरागस म्हणतो, त्यांच्या गेमला व्यसन. ही बातमी वाचल्यापासून तो फरक मला नीट सांगता येत नाही. बरं, मोबाइलची बाजू घ्यावी तर तेही पटत नाही. पत्ते कुटतही जागता आलं असतं.

मग त्या गेमला श्रेय द्यायचं नसेल, तर 1100 ला तरी कशाला द्यायचं? दोन रिंगा एसटीडी बूथवरूनही देता आल्या असत्या, बूथवाल्यानं देऊ दिल्या असत्या तर. आईनं त्याही उचलल्याच असत्या. म्हणजे मला फोन आठवतोय की आई, की नुसतं ते वय? वीस वर्षांनी त्या पोरांना तो गेम कसा आठवेल, यावर तर मी तोंड उघडू नये हेच बरं.

तरीही कुठे जुना 1100 विकायला दिसला की मी किंमत बघतोच. परवा बघितली. जरा जास्तच वाटली.