चाकांवरची काजळी

मोटारीची पुढची चाके मागच्यांपेक्षा आधी काळवंडतात. गाडी थोपवण्याचा बहुतेक भार त्यांच्यावरच पडतो ना! ही काजळी रस्त्याची नव्हे. ब्रेकपॅड आणि बिडाची तबकडी एकमेकांना घासून झिजतात, त्यांचा हा भुगा.

आमच्या मिस्त्रींनी सिरॅमिक पॅड सुचवले. धातुमिश्रित पॅडांपेक्षा त्यांची धूळ फिकट, चिकटतेही कमी.

"आणि घाटात?" मी विचारले.

"धरतील, साहेब. मात्र याच गाडीसाठी बनवलेले, खात्रीचे घ्या."

पटले. चाक पुसता येते; खंबाटकीच्या उतारावर ब्रेक लागलाच पाहिजे! शिवाय डोळ्यांना न दिसणारी धूळही छातीत जातेच. म्हणून तर युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली.

मी सिरॅमिक घेतले खरे. डिकीतले फडके मात्र अजून तिथेच आहे.