कड

पॅच मधून कधी सुटत नाही. सुटतो तो कडेपासून. आधी नखाएवढी जागा उठते, तिथे रेतीचा कण शिरतो, मग खाडीचं पाणी, मग मीठ, आणि एखाद्या उधाणाला कडी पट्ट्यासकट हातात येते. हवा भरून फुगवायच्या पॅडलबोर्डावर बसायची सीट, सामानाची जाळी, गळाची काठी, काहीही अडकवायचं म्हटलं तर कडी लागते. कडीखाली पॅच लागतो. आणि पॅचला कड असतेच, तिच्यातून सुटका नाही.

बाकीच्या सामानाने मला असं छळलं नाही. बोर्डाखालचा पंख मी भाजी कापायच्या जाड प्लास्टिकच्या पाटातून कापतो. वसईच्या खाडीत ओहोटीला चिखल असा वर येतो की बोर्डाबरोबर आलेला नऊ इंची पंख रुततोच, म्हणून माझा चार इंची. बोर्ड जरा नाक फिरवतो, फिरवू दे. ढकलगाडीला बाबागाडीची चाकं चालतात. नांगराऐवजी रेती भरायची पिशवी. वल्ह्याचा दांडा सिंधुदुर्गातल्या माणग्याचा. हा बांबू आतून जवळजवळ भरीव, कार्बनच्या दांड्यापेक्षा जड, पण तासाभरानंतर मनगटाला कमी हादरे देतो असं माझं मत आहे. या सगळ्यात काही बिघडलं तर लगेच दिसतं. चिकटवायच्या कामाचं तसं नाही. ज्या दिवशी चिकटवलं त्या दिवशी माझा पॅच आणि कुठल्याही भामट्याचा पॅच अगदी सारखा दिसतो.

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये माझं मूळ काम ताडपत्रीचं. मे महिन्यात सोसायट्यांच्या पावसाळी शेड, ट्रकची छपरं, मांडवाचं छत. कोणीतरी फाटकी कडी घेऊन आलं, मी ती बसवली, आणि मग समोरच्या टॉवरमधून, घोडबंदरवरून, मार्व्याकडून लोक असलीच कामं घेऊन यायला लागले. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. उभं राहून वल्हवणं हे काय नवीन? उथळ पाण्यात उत्तनची पोरं होडीत उभी राहून बांबूने ढकलतातच. लोक सांगतात की हवाईला वायकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना शिकवणारे लोक असे उभे राहायचे आणि पुढे लेअर्ड हॅमिल्टनने ते जगभर नेलं. सांगू देत. मला त्या खेळात रस आला तो कापडामुळे.

बोर्डाच्या आत काय असतं हे ज्याने एकदा कापून पाहिलं तो पुन्हा त्याला गादी म्हणणार नाही. वर एक पापुद्रा, खाली एक, आणि मधे हजारो उभे धागे, सगळे एका उंचीचे. हवा भरली की पापुद्रे एकमेकांपासून दूर जायला बघतात आणि धागे त्यांना सोडत नाहीत, म्हणून बोर्ड फळीसारखा सपाट राहतो. १९५६ मध्ये अमेरिकेत गुडइयर कंपनीने हवा भरून फुगवायचं विमान उडवलं होतं, इन्फ्लेटोप्लेन, त्याचे पंख याच जातीच्या कापडाचे. बोर्डात भरायची पंधरा पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. साडेदहा फुटी बोर्डाच्या पाठीचा हिशेब केला तर वीस टनांच्या आसपास जोर त्या धाग्यांवर असतो. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि त्यांचे चेहरे बघतो. त्यात मला मजा येते हे नाकारत नाही.

तर असल्या ताणलेल्या पाठीवर मला माझा वीतभर गोल पॅच बसवायचा असतो. गोलच, कारण चौकोनाचा कोपरा पहिला उठतो. डब्यावरचं स्टिकर आडवं ओढून बघा, हलत नाही. कोपरा नखाने उचला, सरसर निघून येतं. सगळी कथा एवढीच आहे. पट्टा पाठीला समांतर ओढला तर माझा पॅच माणसाचं वजन सहज घेईल. पण सीटवर बसलेला माणूस मागे रेलतो, पट्टा वर उचलला जातो आणि सगळा जोर एका रेषेवर येतो. ती रेष म्हणजे कड. म्हणून कडीचा पट्टा मी दोन थरांच्या मधे, बरोबर मध्यावर शिवतो, म्हणजे ओढ मधून यावी आणि कडेला कळूही नये. तरी कळतंच. शिवाय बोर्ड उन्हात ठेवला की आतली हवा आणखी दोन-अडीच पौंड चढते, पापुद्रा ताणतो, पॅच ताणत नाही. घोडबंदरकडे पुलाच्या खांबांवरची कालवं ब्लेडसारखी असतात. एकदा घासलं की बारीकशी फट पडते, आणि तिला वाढायला तेवढं पुरतं.

चांभाराचं पिवळं सोल्यूशन इथे चालत नाही हे माझ्या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. पीव्हीसी मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य त्यात घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि त्या सोल्यूशनला लोण्यासारखं करून टाकतं. लागतं ते दोन भागांचं, पॉलियुरेथेनचं, शंभराला चार-पाच भाग हार्डनर. पहिला हात, वाळू द्यायचा. दुसरा हात, आणि मग थांबायचं. किती थांबायचं यावर माझं सगळं नाव उभं होतं. डब्यावर मिनिटं छापलेली असतात, पण ती बाहेरच्या देशातल्या कोरड्या खोलीतली. मी मधल्या बोटाची पाठ हलकेच टेकवायचो. ओलं असेल तर सोल्यूशन बोटाला येतं. जास्त सुकलं तर बोट घसरतं. मधे एक क्षण असा येतो की ते बोटाला धरतं पण सोबत येत नाही, आणि त्यातच एक बारीक गारवा असतो, तो असला तर मी थांबायचो, गेला की पॅच ठेवायचो. पोरांना मी हे सांगायचो तेव्हा आवाज जरा खाली आणायचो. मला ठाऊक होतं की तसं केलं की ऐकणारा पुढे झुकतो.

गेल्या वर्षापासून ते बोट गेलं. बोट आहे, जाणीव नाही. अंगठा आणि शेजारची दोन, तिन्ही बधिर. डॉक्टर म्हणाले मनगटातली नस दबली आहे, कात्री आणि रोलर सोडा. कात्री सोडली. पण सोल्यूशनचा गारवा कळत नाही हे मी कोणाला बोललो नाही. डाव्या हाताने करून बघितलं. डावा हात मुका आहे, त्याला हे कधी शिकवलंच नव्हतं. पावसाळ्यातले पॅच एकामागून एक कडेला उठायला लागले, आणि मी सोल्यूशनच्या लॉटला, हवेला, गिऱ्हाइकाच्या वापरण्याला शिव्या देत राहिलो.

पावसाळा हा आमचा जुना वैरी आहेच. माझा गुरू कोजागिरी ते होळी सोडून चिकटवायचं मोठं काम घ्यायचाच नाही, आणि विचारलं तर म्हणायचा, हवेत पाणी आहे. तेव्हा मला ते आळशाचं कारण वाटायचं. हार्डनर हवेतल्या पाण्याशीच लग्न लावून मोकळा होतो, सोल्यूशनसाठी उरतच नाही, हे मला नंतर कळलं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं शेजारच्या गाळ्यातल्या माणसाच्या मुलीने सांगितलं. ती फार्मसीला आहे, सुट्टीत माझ्याकडे येऊन बसायची, आधी गंमत म्हणून, मग पगारावर. तिने एक छोटा मीटर आणला. तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारा, काडेपेटीएवढा.

तिचं म्हणणं असं. जुलैत गाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर २५ अंशांच्या जवळपास दव पडायला लागतं. म्हणजे अंतर तीनच अंशांचं. सोल्यूशनमधला पातळ भाग उडताना पृष्ठभाग गार करतो, तीन अंश काय, सहज त्याहून जास्त. मग सोल्यूशनवर दवाचा पापुद्रा बसतो, डोळ्यांना न दिसणारा. त्यावर पॅच ठेवला की आपण सोल्यूशनला सोल्यूशन नाही, सोल्यूशनला पाणी चिकटवतो. तेच जानेवारीत २८ अंश आणि ४५ टक्के असेल तर अंतर तेरा अंशांचं, वाटेल तसं काम करा. रंगकामाच्या मोठ्या कंपन्या पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असल्याशिवाय ब्रश लावत नाहीत, हेही तिनेच कुठून तरी वाचून काढलं.

मी तिला म्हणालो, म्हणजे माझा गारवा तो हाच.

ती म्हणाली, "हो काका. पण तुम्ही बोट लावता ना, तिथेच हाताचं तेल लागतं. कडेला लावता तुम्ही, कायम."

कडेलाच लावायचो, कारण मधली जागा खराब करायची नाही असं गुरूने शिकवलं होतं. मी तिला उत्तर दिलं नाही, चहा मागवला. तिचं बरोबर असेलही. माझे जुने पॅच अजून टिकून आहेत आणि त्यांच्यावरही माझं बोट टेकलेलं आहे, हे मात्र मी चहा येईपर्यंत मनात दोनदा घोळवलं.

आता ती काम कसं करते ते मला सांगायला आवडत नाही, पण सांगतो. गाळ्याच्या पोटमाळ्याला तिने ताडपत्रीची खोली करून घेतली आहे, माझ्याच हातची शिवलेली, आणि भंगारातून आणलेला खिडकीचा एसी लावला आहे. बोर्ड आत, मीटर आत, मोबाइलवर घड्याळ. पन्नास टक्क्यांच्या खाली आकडा आला की सोल्यूशन उघडायचं. दुसरा हात, ठरलेली मिनिटं, मग गरम हवेची बंदूक दुरून फिरवून सोल्यूशन पुन्हा जागं करायचं, मधून बाहेर रोलर. तीन दिवस हवा भरायची नाही. ऑगस्टमध्ये तिने बसवलेल्या कड्या दिवाळीपर्यंत उठल्या नाहीत. मी रोज बघायचो. नखाने कोपरा चाचपायचो, गोल पॅचला कोपरा नसतो हे विसरून.

या धंद्यात हल्ली काय काय चाललं आहे, त्यावरही मला बोलायचं आहे. एक गृहस्थ आहेत, नाव नको, ते सरळ गरम हवेने पॅच वितळवून जोडतात. चकाचक दिसतं, दहा मिनिटांत काम. ताडपत्रीला ती पद्धत उत्तम, मी जन्मभर तीच केली. पण पॅडलबोर्डाच्या पापुद्र्याखाली धाग्यांची मुळं असतात, त्यांना जास्तीची ऊब लागली तर फोड येतो आणि मग त्या जागेला इलाज नाही. सोलून चिकटवायचे तयार पॅच मिळतात, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. पंख छापून काढणारी पोरं आहेत, थ्रीडी प्रिंटरवाली. त्यांचे पंख सुंदर असतात, माझ्या पाटाच्या पंखापेक्षा शंभरपट, आणि चिखलात पहिल्यांदा आपटले की थरांच्या रेषेत तुटतात. हे सांगताना मला बरं वाटतं. टणक बोर्डवाले वेगळे, ते आमच्याकडे बघून फुगा म्हणतात. त्यांना मी खाडीच्या कडेच्या कालवांवरून बोर्ड ओढत न्यायला सांगतो.

आणि काही लोक गाळ्यात येऊन उत्तनच्या लाकडी होड्यांसाठी हळहळतात, आता सगळ्या फायबरच्या झाल्या म्हणून. मी त्या हळहळीत सामील होत नाही. लाकडाची रडगाणी ज्यांनी फटीत कापूस ठोकून होडीची गळती कधी बुजवली नाही तेच गातात. फायबरची होडी कोळ्याला बरी पडते, संपलं. पण मग माझ्या बोटासाठी मी का हळहळतो, असं कोणी विचारलं तर मला चिडायला होतं. होडी वेगळी, बोट वेगळं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, आणि ती तिलाही सुटलेली नाही, याचं मला समाधान आहे. बोर्डाच्या बाजूच्या गोलाईवरचा पॅच. पाठ सपाट, तिथे तिची पद्धत बिनचूक. पण वल्हं अडकवायच्या कड्या बाजूलाच लागतात, जिथे कापड वळतं. बोर्ड रिकामा ठेवून चिकटवलं तर फुगवल्यावर कडेला चुण्या पडतात. पूर्ण फुगवून चिकटवलं तर रोलरचा दाब नीट बसत नाही, आणि हवा सोडून घडी केली की कड उलट्या दिशेने मोडते. मी दोन पौंड हवा ठेवून, पॅच आधी गरम करून, पोटाशी धरून वाकवतो. ती पाच पौंडांवर ठाम आहे, आणि पॅचला लाकडी साच्यात रात्रभर वळण देते. तिचा साचा मला आवडला, पण मी म्हटलं, बघू. माझा टिकला तर का टिकला ते मला नीट सांगता येत नाही. तिचा सुटला तर का सुटला हे ती वहीत लिहून ठेवते, तारीख, आकडे, सगळं. त्या वहीत माझ्याही पॅचची नोंद असते, हे मला मागाहून कळलं. "काकांचा, २ पौंड, डावी बाजू, कड ठीक." मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

दिवाळीनंतर कामं वाढतात, सुट्टीत सगळ्यांना पाण्यात उतरायचं असतं. गिऱ्हाईक येतं, कडी ओढून बघतं, मान डोलावतं आणि विचारतं, कोणी चिकटवलं हो हे? ती वर पोटमाळ्यावर असते, तिला ऐकू येतं. मी म्हणतो, गाळ्यातच झालंय.